फॅमिलीचे दात

सोलापुरात भवानी पेठेत माझा दातांचा दवाखाना आहे. खाली चादरीचं दुकान, वर मी. पाटी करायला टाकली तेव्हा रंगारी म्हणाला, "मॅडम, नुसतं नाव उघडं उघडं दिसतंय, खाली काहीतरी टाका की." मी म्हटलं, टाक, 'संपूर्ण फॅमिलीसाठी'. फॅमिली म्हणजे आईबाप, पोरंबाळं, आजीआजोबा, अशी माझी समजूत. आमच्या जिल्ह्यात फॅमिली म्हणजे बायको. "घरी कोण कोण असतं?" विचारलं की गडी सांगतो, "मी, दोन पोरं आन् फॅमिली." बायकोला चारचौघांत बायको म्हणायची त्याला लाज वाटते. हाणायची वाटत नाही.

तर पाटी वाचून पुरुषांनी परस्पर ठरवून टाकलं की हा बायकांच्या दातांचा दवाखाना आहे. स्वतःची दाढ ठणकत असली तरी माझ्याकडे चढायचे नाहीत. बायकोला जिन्यापाशी सोडायचे आणि समोरच्या टपरीवर चहा मारत बसायचे. वर येणाऱ्या बायकांपैकी काहींचे दात किडलेले असायचे आणि काहींचे मोडलेले. मोडलेल्यांचं कारण एकच, मोरीत पाय घसरला. सोलापुरातल्या मोऱ्या इतक्या निसरड्या आहेत हे मला दवाखाना काढल्यावर कळलं.

म्हाळसाबाईला तिचा नवरा धुळा घेऊन आला तो उन्हाळ्यातला दिवस होता. जिन्यावरून दोन माणसांची पावलं वाजली, पण एकाचीच नीट पडत होती. धुळानं तिचं कोपर धरून तिला वर ओढत आणलं. तिच्या तोंडावर टॉवेल दाबलेला होता, कारखान्यातला, नवा कोरा, आणि मधोमध लालभडक झालेला.

"बाई, फॅमिली आणलीया," तो म्हणाला. "म्होरचं दात बसवून द्या. पोरीची सुपारी हाय, त्याच्या आत पायजेत."

"काय झालं?"

"पडली की मोरीत."

म्हाळसाबाईनं टॉवेल तसाच धरून मान हलवली. नाही, अशी. माझ्याकडे बघून, त्याच्या देखत. इतक्या वर्षांत मोरीला नाही म्हणणारी ही पहिली बाई.

मी तिला खुर्चीत बसवलं, तर हा पुढं आला. डाव्या हातानं तिची हनुवटी धरली, उजव्याचा अंगठा तिच्या फाटलेल्या ओठाखाली घातला आणि ओठ वर उचलून मला दाखवायला लागला. बाजारात मेंढी विकताना दाखवतात तसं. "ह्यो बगा, मुळासकट गेलाय. ह्ये दोन मोडल्यात. बाकीचं चांगलं हायती. दाढा जुन्या हायती, पर टिकत्याल." बाईच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. त्यानं अंगठा काढला आणि त्याला लागलेलं रक्त तिच्याच पदराला पुसलं.

मी ट्रेमधली दात उपटायची पकड उचलली. "बाहेर हो," मी म्हटलं. "परत हात लावलास तर तुझं बोट काढून हातात देईन."

तो हसला. डॉक्टर बाई चिडली, एवढंच त्याला कळलं. माझी मदतनीस दानेश्वरी, अक्कलकोटकडची, घरी कन्नड बोलणारी. तिनं त्याला दाराबाहेर घातलं आणि दार लावता लावता कन्नडमध्ये जे काही ऐकवलं ते मी इथं लिहीत नाही.

आता म्हाळसाबाईबद्दल सांगते. ही नातेपुत्याकडची, धनगराच्या घरातली. लग्न झाल्यापासून मेंढरांमागं फिरलेली. पावसानं सलग दगा दिला तेव्हा धुळानं कळप विकला आणि बिऱ्हाड सोलापुरात आणलं. तो अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत मागावर लागला, ही टॉवेलच्या कारखान्यात कडा शिवायला. उंचीपुरी बाई, हाताचे पंजे गड्यासारखे. माळावर असताना लांडग्यानं कोकरू उचललं, तर ही काठी घेऊन त्याच्या मागं धावली होती आणि त्याचं कंबरडं मोडून कोकरू परत आणलं होतं. हे मला नंतर तिच्या मुलीनं सांगितलं. मी म्हाळसाबाईला न राहवून विचारलंसुद्धा, की अगं, लांडग्याला हाणलंस, मग याला का नाही? ती म्हणाली, "लांडगं परत येत न्हाय बाई. ह्यो रोज येतो."

त्या दिवशी मी तिचा ओठ शिवला, हिरडीत अडकलेले तुकडे काढले, आणि काढता काढता तोंडभर नजर फिरवली. ते तोंड एका दिवसात तसं झालेलं नव्हतं. खालची एक दाढ उभी चिरलेली. जबडा कधीतरी मोडून आपला आपण जुळलेला, त्यामुळं तोंड मिटलं की हनुवटी एका बाजूला सरकायची. मी एकेका जागी आरसा लावून विचारत गेले आणि ती सांगत गेली. ही पूनम झाली तेव्हाची, पोरगी झाली म्हणून तांब्या फेकून मारला. हा जबडा चारा मिळाला नाही त्या वर्षीचा, दगडावर डोकं आपटलं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो मी पुस्तकात वाचला होता. त्या दिवशी आरसा धरून बघितला.

"आणि हे आत्ताचं? कशानं?"

"धोट्यानं."

मागावर आडवा धागा घेऊन इकडून तिकडं पळतो तो धोटा. लाकडाचा, हातभर लांब, दोन्ही टोकांना लोखंडी टोक बसवलेला. कारखान्यातून टाकून दिलेला एक धुळानं घरी आणून फळीवर ठेवला होता. का, ते त्यालाच माहीत.

"कशावरून मारलं?"

"मी न्हाय म्हणलं."

एवढं बोलून तिनं थुंकी थुंकली आणि मग उरलेलं सांगितलं. पूनमला स्थळ आलं होतं. नातेपुत्याचा मायाप्पा, मेंढरांचा व्यापारी. त्याचा मुलगा माउली, स्वतःचा टेम्पो चालवणारा. धुळाला एवढं मोठं घर दारात आलं याचाच आनंद. पण यांची मेंढरं घेतली होती ती याच मायाप्पानं, आणि म्हाळसाबाईनं त्याला बाजारात बघितलं होतं. दात बघायला त्यानं एका मेंढीचं तोंड धरलं, मेंढीनं मान झटकली, तर यानं तिचा कान मुठीत धरून असा पिळला की तो बुडापासून फाटला. नंतर तोच माणूस मुलगी बघायला घरी आला. पूनम चहा घेऊन आली तेव्हा सगळ्यांसमोर म्हणाला, "हस की पोरी. दात तर बगू." बाकीचे हसले. पाहुणे गेल्यावर म्हाळसाबाईनं धुळाच्या भावासमोर सांगितलं, ह्या घरात पोरगी द्यायची न्हाय. भावासमोर बोलली, हा खरा गुन्हा. धुळा उठला आणि फळीवरून धोटा काढला.

म्हणजे ज्या तोंडानं सोयरिकीला नाही म्हटलं, ते त्यानं फोडलं. आणि आता त्याच सोयरिकीत बरं दिसावं म्हणून ते मी दुरुस्त करून द्यायचं. माझं डोकं असलं सणकलं की हातातला आरसा मी ट्रेमध्ये आपटला.

"उठ," मी म्हटलं. "पोलीस ठाण्यात जाऊ. दात पाडणं म्हणजे कायद्यानं हाड मोडल्यासारखं आहे. मी लिहून देते."

"आन् आज रातीला पूनम कुणाजवळ?" ती म्हणाली. "त्येला आत टाकत्याल, त्येचा भाऊ हाय की भाईर. चार दिसांत लगीन लावून मोकळं हुत्याल. आदी पोरगी सुटू दे बाई. मग तुमी म्हनशीला तितं येती."

"मग दात बसवू की नको?"

तिनं टॉवेलनं तोंड टिपलं. ओठ सुजून नाकाला टेकला होता. "बसवा," ती म्हणाली. "चांगलं बसवा. पर काडता येत्याल असं द्या."

मला वाटलं, धुवायला सोपं जावं म्हणून म्हणत असेल. मी माप घेतलं.

पुढच्या वेळी ती एकटी नव्हती. बरोबर पूनम. एकोणिसाव्या वर्षातली, आईचीच उंची, बारावी झालेली, आईशेजारच्याच मशीनवर बसणारी. म्हाळसाबाईनं तिला खुर्चीकडं ढकललं. "हिचं तोंड बगा बाई. सगळं हायती का सांगा."

पूनमनं तोंड उघडलं. अहाहा! असे दात मी कॉलेजच्या पुस्तकातल्या चित्रात बघितले होते. एक कीड नाही, एक फट नाही. फक्त पुढच्या दाताच्या काठाला बारीक खाच, टॉवेलचा धागा तोडून तोडून पडलेली. कात्री घ्यायला वेळ कुणाला आहे? तिथं सगळ्या बायका धागा दातानंच तोडतात.

"सगळे आहेत," मी म्हटलं. "एकदम चांगले आहेत."

म्हाळसाबाईनं माझा हात धरला. "ह्ये असंच ऱ्हायला पायजेत," ती म्हणाली. "मला बाकी काय बी नगं. हिच्या तोंडातलं एक बी पडाय नगं." आणि एवढी दांडगी बाई माझ्या दवाखान्यात उभ्यानं रडायला लागली. सुजलेल्या ओठामुळं तिला नीट रडताही येत नव्हतं.

मी पूनमला झापलं. तू सज्ञान आहेस, शिकलेली आहेस, तूच नाही का म्हणत नाहीस? तिनं तोंड पुसलं आणि आईला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "मी न्हाय म्हणलं तर मला न्हाय मारणार मॅडम. मला मारलं तर पावन्यास्नी दिसंल. आईला मारणार." मी तिला दात घासायचा ब्रश दिला.

मधल्या दिवसांत धुळा स्वतः आला. एक गाल टम्म फुगलेला, डोळा अर्धा मिटलेला. दारातच घुटमळला.

"हितं गड्यांचं बगत्यात का?"

"फॅमिलीचा दवाखाना आहे," मी म्हटलं. "पण ये. तुलाही करू फॅमिली."

अक्कलदाढ सडली होती. खाली पू झाला होता, त्याच्या गोळ्या त्यानं आधीच कुठून तरी घेतल्या होत्या, आता काढायलाच हवी होती. तो खुर्चीत आडवा झाला, दिव्याच्या उजेडात डोळे मिचकावत, दोन्ही हातांनी खुर्चीचे दांडे धरून. इंजेक्शन बघितलं आणि त्याला दरदरून घाम फुटला. "सुई नगं की बाई," म्हणाला. धोटा चालवणारा हात खुर्चीचा दांडा सोडेना.

आता खरं सांगते, उगाच साळसूदपणा नको. त्या क्षणी मला त्याची दाढ भूल न देता काढावीशी वाटली. नुसती दाढ नाही. पकड घालून एकेक पुढचा दात मोडावा, मग आरसा दाखवावा आणि म्हणावं, मोरीत पडलास रे बाबा. तो तोंड वासून पडला होता, डोळे मिटलेले, गळ्याची घाटी वरखाली होत होती. दानेश्वरी माझ्याकडं बघत होती. मी भूल दिली. दया आली म्हणून नव्हे, माझ्या हाताला त्याची सवय लागू नये म्हणून दिली.

बधिर व्हायला वेळ लागतो. तेवढ्यात मी विचारलं, "बायकोवर हात का टाकतोस?"

"टाकत न्हाय बाई. जातो. राग आला की कळत न्हाय."

"मुकादम आईबहिणीवरून शिव्या देतो म्हणे तुम्हाला. राग येतो ना?"

"येतो की. लई येतो."

"मग त्याच्यावर कसा नाही जात हात?"

त्यानं माझ्याकडं असं बघितलं की मी काहीतरी खुळ्यासारखं विचारलंय. "आवं, त्यो मुकादम हाय," तो म्हणाला.

उत्तर त्याच्याच तोंडातून आलं आणि त्यालाच ऐकू आलं नाही. मी दाढ काढली. मुळं वाकडी होती, जोर लावावा लागला, भूल दिलेली असून गडी ढसाढसा रडला. दाढ वाटीत टाकली, कापूस दाबायला दिला. उठता उठता त्यानं विचारलं, "भूल उतरल्यावर लई दुकतंय का?"

"फॅमिलीला विचार," मी म्हटलं.

सुपारीच्या आधी मी म्हाळसाबाईचे दात बसवले. गुलाबी प्लास्टिकच्या पट्टीवर पुढचे दात, मागं तारेचे आकडे. हिरडी अजून कच्ची होती, दुखणार होतं. तिनं आरशात बघितलं, हसून बघितलं, मग दोन बोटांनी पट्टी काढली, परत घातली, परत काढली. चांगलं जमेपर्यंत तेच करत बसली. जाताना म्हणाली, "सुपारीला या बाई. दात तुमी दिल्यात, तुमी पायजेत."

मी जाणार नव्हते. असल्या लग्नाचे पोहे माझ्या घशाखाली उतरले नसते. पण माझे दात तोंडात घालून ती बाई मुलीला त्या घरात ढकलते की काय, हे बघायचं भूत डोक्यात शिरलं. रविवारी दवाखाना बंद ठेवून मी स्कूटी काढली.

एमआयडीसीच्या मागं पत्र्याच्या खोल्यांची ओळ आहे, तिथं धुळाचं बिऱ्हाड. खोलीसमोर छोटा मांडव. शेजारच्या शेडमध्ये रविवारीही माग चालू होते, खटाखट, त्यामुळं सगळे ओरडून बोलत होते. नातेपुत्याची मंडळी जीपमधून उतरली. पुढं मायाप्पा, पटका, मिशा, बोटात अंगठ्या. मागं एक किडकिडीत बाई, पदर नाकापर्यंत ओढून दातांत, म्हणजे मला वाटलं दातांत, धरलेला. "ही आमची फॅमिली, सारजाबाई," मायाप्पानं ओळख करून दिली आणि बाईला बायकांच्या सतरंजीवर सोडून दिलं. मुलगा माउली मात्र बरा दिसला. इस्त्रीचा शर्ट, खाली नजर. मी डॉक्टर म्हटल्यावर वाकून नमस्कार केला. मी मनात म्हटलं, बाप कसाही असो, पोरगा निवळला असेल. आशा काय, कुणालाही लागते.

म्हाळसाबाई हसत होती. खरंच. दात घालून ती वयानं लहान झाल्यासारखी दिसत होती. येणाऱ्या बायका म्हणत होत्या, अगं बाई, ओळखूच येईनास की! धुळा दहा वेळा तिच्या तोंडाकडं बघून समाधानानं मान हलवत होता. पूनमला पाटावर बसवलं. पुढ्यात ताट मांडलं, त्यात साडी, नारळ, साखर, हळदकुंकू, पानावर सुपारी. दोन्हीकडचे पंच म्हणवणारे म्हातारे सरसावून बसले. सुपारी फोडायच्या आधी विचारायची रीत आहे, त्याप्रमाणे एकानं विचारलं, "काय मंडळी, समद्यांची पसंती हाय न्हवं? कुनाचं काय म्हननं न्हाय न्हवं?" याला कुणी उत्तर देत नसतं. सगळे 'व्हय व्हय' करतात आणि बत्ता उचलतात.

"माजं हाय," म्हाळसाबाई म्हणाली आणि उभी राहिली.

तिनं दोन बोटं तोंडात घातली, दात काढले आणि ताटात ठेवले. साडीवर, नारळाला टेकवून. वरचा ओठ आत गेला, चेहरा एकदम म्हातारा झाला. शब्द फसफसत बाहेर पडत होते, पण ती मागापेक्षा मोठ्यानं ओरडत होती, त्यामुळं सगळ्यांना कळत होते.

"ह्ये माजं दात. ह्या मानसानं धोट्यानं पाडल्यात. का? तर मी ह्या घरात पोरगी द्याला न्हाय म्हणलं. मायाप्पा, तुमच्यात सुनंचं किती पाडत्यात, त्ये आदी सांगा. मग फोडा सुपारी."

कुणाला काही सुचायच्या आत धुळा उठला होता. त्यानं ताटाला लाथ मारली. कुंकू पूनमच्या अंगावर उडालं. त्यानं म्हाळसाबाईचे केस मुठीत धरले आणि दुसऱ्या मुठीनं तिच्या तोंडावर हाणलं, बरोबर त्याच जागी. ताजी हिरडी फुटली. रक्त हनुवटीवरून पोलक्यावर आलं. तो परत हाणत होता आणि म्हणत होता, "इज्जत घालवली, इज्जत घालवली." मांडवात पन्नास माणसं होती. त्यातलं एकही जागचं हललं नाही. मी ओरडत पुढं गेले, त्याचा शर्ट ओढला, तर त्याचं कोपर माझ्या छातीत बसलं आणि मी सतरंजीवर आडवी झाले. पूनम पाटावरून उठून बापाच्या हाताला लटकली. "मला मारा, आबा, मला मारा!" ती किंचाळत होती. तेव्हा कुठं दोघं तिघं उठले आणि त्यांनी धुळाला धरलं. का धरलं? एक म्हातारा म्हणाला, "शुभकार्यात नगं गड्या. मागनं घरात काय ते बग."

म्हाळसाबाई खाली बसली होती. तिनं तोंड पुसलंही नाही. "सांगा की," ती मायाप्पाला म्हणाली. "इचारलंय मी कायतरी."

मायाप्पा मोठा पोचलेला. तो रागावला नाही, हसला. पंचांकडं बघून मोकळेपणानं हसला. "घरोघरी मातीच्या चुली, बाई," तो म्हणाला. "रागाच्या भरात व्हतं एकांद्या टायमाला. म्हनून काय आमी राकीस हाय व्हय? मी कशाला सांगू? आमच्या फॅमिलीलाच इचारा." आणि सतरंजीकडं वळून म्हणाला, "सांग गं ह्यास्नी."

सारजाबाई हलली नाही. शेजारचा माग एकसारखा चालू होता.

"सांग की! मुकी हायीस का?"

तिनं पदर खाली घेतला. पदर दातांत धरलेला नव्हता. धरायला पुढं काही नव्हतंच. वरची हिरडी समोरून कधीची बोडकी होऊन गुळगुळीत झाली होती. तोंडानं बोलायची सवय मोडलेली बाई, आवाज घोगरा निघाला.

"चार," ती म्हणाली.

"काय?" मायाप्पाला खरंच कळलं नाही.

"चार दात. दोन ह्येंनी पाडलं." तिनं श्वास घेतला आणि इस्त्रीच्या शर्टाकडं बोट केलं. "दोन माउलीनं. पोरगी देऊ नगा."

"आये!" माउली उठला, दोन ढांगांत सतरंजीवर पोचला आणि त्याचा हात वर गेला. खाली नजर असणाऱ्या पोराचा, वाकून नमस्कार करणारा तो हात सगळ्या मांडवानं वर गेलेला बघितला. मग त्यालाही कळलं की सगळे बघतायत. हात तसाच हवेत राहिला, खाली कसा आणावा हे त्याला समजेना. सारजाबाईनं डोळे मिटून घेतले होते आणि गाल थोडा पुढं केला होता, सवयीनं.

पूनम म्हणाली, "मला न्हाय करायचं." अंगभर कुंकू उडालेलं, पण आवाज घट्ट. पंचांनी एकमेकांकडं बघितलं. सगळ्यांना ऐकू गेलं होतं, आता 'व्हय व्हय' करायला तोंड नव्हतं. एक म्हातारा उठून चपला शोधायला लागला, त्याच्यामागं दुसरा. सोयरीक मोडली. पुढं पोलीस ठाणं झालं, तक्रार झाली, धुळा आत जाऊन बाहेर आला, म्हाळसाबाईनं पूनमला घेऊन वेगळी खोली केली, तिथंही तो दोनदा दार फोडायला आला. ते काही सरळ झालं नाही आणि अजून संपलेलं नाही. पण पूनमच्या तोंडातले सगळे दात जागच्या जागी आहेत. मी दर सहा महिन्यांनी मोजते.

त्या दिवशी मात्र मी सारजाबाईकडं बघत होते. पूनम सुटली होती. म्हाळसाबाईनं मार खाऊन का होईना, पोरगी सोडवली होती. पण या बाईला त्याच जीपमध्ये बसून त्याच दोघांबरोबर त्याच घरी जायचं होतं, आणि तोंड उघडायच्या आधी तिला ते पुरतं माहीत होतं. जिच्यासाठी बोलली ती पोर तिच्या नात्याची ना गोत्याची.

मायाप्पा ताडताड जीपकडं गेला. धुळा त्याच्या मागं हात जोडत, दातांच्या कण्या करत धावत होता. माउली गाडीत बसला. "ए, चल!" मायाप्पानं हाक मारली.

सारजाबाई उठायला गेली. म्हाळसाबाईनं तिच्या मांडीवर आपला रुंद पंजा ठेवला.

"च्या झालाय," ती म्हणाली. "पिऊन जा."

तिनं पूनमला चहा आणायला लावला. रक्त अजून हनुवटीवर तसंच. तिनं बशी सारजाबाईपुढं सरकवली, बिस्कीट मोडून चहात टाकलं, दुसरं आपल्या बशीत टाकलं.

मांडवाबाहेर जीपचा हॉर्न वाजायला लागला. सारजाबाईनं जीपकडं बघितलं.

"भिजू दे," म्हाळसाबाई म्हणाली. "घाई न्हाय."

हॉर्न वाजत राहिला. सारजाबाईनं बशी उचलली आणि चहा प्यायला लागली.